हेडला फेसिंग मारण्याआधी

इंजिन तापले, गॅस्केट गेली की गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येते, "हेडला फेसिंग मारून घेऊ." इंजिनाचे सिलिंडर हेड उतरवायचे, मशीन शॉपमध्ये टाकायचे, खालची बाजू ग्राइंडरवर सपाट करून आणायची, नवी गॅस्केट टाकून आवळायचे. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी रस्त्यावर. धंद्याची गाडी एक दिवस उभी राहिली तरी पोटाला चिमटा बसतो, त्यामुळे मालकालाही हे वाक्य गोड लागते. पण फेसिंग हे या दुरुस्तीतले बरेच पुढचे काम आहे. त्याच्या आधी हेड धुवायचे असते, दाब देऊन तपासायचे असते आणि मोजायचे असते. हा क्रम मोडला की काय होते ते माझ्या पिकअपच्या निमित्ताने मी जवळून पाहिले. ज्यांच्याकडे गाडी आहे, ट्रॅक्टर आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझा छत्रपती संभाजीनगरात माल वाहतुकीचा लहानसा व्यवसाय आहे. जाधववाडीच्या बाजार समितीत येणारा-जाणारा भाजीपाला, अद्रक, कधी खानदेशातून केळी. गाडी जुनी घेतलेली, चार सिलिंडरची डिझेल पिकअप. ब्लॉक बिडाचा, हेड अल्युमिनियमचे. मे महिन्यातल्या एका दुपारी चाळीसगावहून भरलेली गाडी घेऊन आमचा चालक औट्रम घाट चढत होता. हा घाट ज्यांनी माल घेऊन चढला आहे त्यांना माहीत आहे, कन्नडच्या पठारावर येईपर्यंत इंजिनाला उसंत मिळत नाही. अर्ध्या चढात गाडीची ओढ कमी झाली. चालकाने काट्याकडे पाहिले, काटा मध्यावर. पुढच्या वळणाला जळका वास आला तेव्हा त्याने गाडी कडेला घेऊन बंद केली. रेडिएटरचा खालचा होज क्लिपजवळ फाटला होता आणि पाणी केव्हाच वाहून गेले होते.

मग काटा मध्यावर कसा? तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी उतरले की तो हवेत आणि वाफेत लटकतो, आणि बीड-अल्युमिनियम भाजत असताना काटा शांत राहू शकतो. म्हणून काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. ओढ कमी होणे, खडखड वाढणे, हीटर चालू केला तर त्यातून गरम हवा न येणे, ही लक्षणे दिसली की काटा काही का सांगेना, इंजिन बंद करावे. चालकाने एक गोष्ट फार चांगली केली. आजूबाजूचे लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन धावले, तरी त्याने तापलेल्या इंजिनावर पाणी पडू दिले नाही, रेडिएटरची कॅपही उघडली नाही. भाजलेल्या धातूवर गार पाणी पडले की नसलेली चीर तिथल्या तिथे पडते, आणि कॅप उघडताना वाफेने तोंड-हात भाजलेली माणसे आपल्याकडच्या प्रत्येक घाटाने पाहिली आहेत.

गाडी ओढून शहरात आणली. हेड उतरले, शहरातल्याच एका दुकानात गेले आणि दुसऱ्या दिवशी चकचकीत होऊन परत आले. किती माल काढला असे विचारले तर उत्तर आले, "थोडासाच." क्रॅक पाहिला का विचारले तर, "दिसला असता." नवी गॅस्केट पडली, गाडी सुरू झाली, आवाजही छान होता.

काही आठवड्यांनी चालक सांगू लागला की पाणी कमी होते पण गळती कुठेच दिसत नाही. जमिनीवर थेंब नाही, होज कोरडे. हे लक्षण सगळ्यात फसवे असते, कारण माणूस रोज थोडे पाणी टाकून काम चालवतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सकाळी सुरू करून मिनिटभरात वरचा होज दाबून पाहिला, तर तो टणक झालेला. पाणी अजून गार आहे, वाफ होण्याचा प्रश्नच नाही, तरी होज फुगतो, म्हणजे सिलिंडरमधला दाब पाण्याच्या वाटेत शिरतो आहे. कॅप काढून, गार इंजिन चालू ठेवून पाहिले तर एकसारखे बुडबुडे. ही तपासणी घरच्या घरी कोणालाही करता येते, फक्त इंजिन पूर्ण गार असले पाहिजे. शंका राहिली तर एक निळे रसायन मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि त्यात जळालेला वायू असेल, तर निळा रंग पिवळट होतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गोडसर वास, ऑइलचा चहासारखा दुधाळ रंग, याही त्याच खुणा आहेत. मात्र थंडीत, रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली थोडा पिवळट फेस नुसत्या दमटपणानेही येतो. तेवढ्यावरून हेड उतरवायला निघू नये. डिपस्टिकवरचे ऑइल पाहावे.

आमचे हेड दुसऱ्यांदा उतरले, आणि या वेळी मी ते जाफर गेट भागातल्या एका जुन्या मशीन शॉपमध्ये स्वतः घेऊन गेलो. पोत्यात गुंडाळून, तळ वर ठेवून. हेड कधीही तळावर टेकवून फरशीवर ठेवू नये. वाळूचा एक कण ओरखडा पाडतो आणि तोच ओरखडा पुढे गॅस्केटची वाट मोकळी करतो. डिझेलच्या काही हेडमध्ये इंजेक्टरचे टोक आणि ग्लो प्लग तळाच्या बाहेर डोकावतात, तेही वाकतात.

दुकान चालवणारे गृहस्थ वयस्क, सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणू लागलो. एक लेथ, एक बोअरिंगचे मशीन, सरफेस ग्राइंडर, सीट कापायचे मशीन, आणि मागे पत्र्याची टाकी, तिच्यात पाणी तापवायचे रॉड. संगणक नाही, काचेची केबिन नाही. पण एका लाकडी पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेली स्ट्रेट एज, म्हणजे सपाटी तपासायची पट्टी, होती, आणि ती चाचांशिवाय कोणी उचलत नव्हते. त्या पेटीकडे पाहून मला धीर आला. दुकान जुने की नवे यावरून काही ठरत नाही. माप घेणारे दुकान आणि अंदाजाने काम करणारे दुकान, एवढेच दोन प्रकार मी आता मानतो.

हेड हातात घेतल्यावर चाचांनी पहिली चौकशी केली ती आधी कोणी धुतले का, आणि कशाने. याचे कारण महत्त्वाचे आहे. बिडाची हेड गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळून काढतात, काजळी आणि जुना रंग सुटून येतो. तेच अल्युमिनियमचे हेड त्या टाकीत पडले तर सोडा धातूच खाऊन टाकतो. पृष्ठभाग काळा पडतो, खड्डे पडतात, पाण्याच्या वाटांच्या भिंती झिजतात. अल्युमिनियमला त्याच्यासाठी असलेले सौम्य रसायन, ब्रश आणि संयम लागतो. काचेच्या मण्यांनी ब्लास्टिंग केले तर ऑइलच्या वाटा नंतर काळजीने धुवाव्या लागतात. एखादा मणी आत राहिला तर तो सरळ बेअरिंगमध्ये जातो. हेड धुवायला टाकण्यापूर्वी मालकाने एवढे तरी सांगावे, "अल्युमिनियम आहे, सोड्यात टाकू नका."

मग दाबाची चाचणी. पाण्याची जेवढी तोंडे हेडच्या तळाला आणि बाजूला उघडतात, ती रबरी पट्टी आणि लोखंडी प्लेट लावून बंद केली. एका तोंडाला हवेची नळी जोडली. हेड टाकीत बुडवले, कॉम्प्रेसरची हवा सोडली, गेजवर तीन बारच्या आसपास दाब. मी वाकून पाहत होतो. काहीच नाही. पाणी स्थिर. मला वाटले हेड चांगले निघाले. चाचांनी रॉड चालू केले आणि स्टुलावर बसले. "ठंडे में क्रॅक बंद रैता, भाऊ. पानी गरम होन दो." पाणी हात घालवेना इतके तापले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधून एक बुडबुडा सुटला. मग दुसरा. थोड्या वेळाने बारीक मण्यांची अखंड माळ वर येऊ लागली. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हते. आधीच्या दुकानात ग्राइंडरने धातूची साय त्या चिरेवर ओढली होती आणि चीर झाकून टाकली होती. फेसिंग आधी आणि चाचणी नंतर, किंवा चाचणी नाहीच, यातला धोका तो हाच.

चीर कुठून कुठवर गेली आहे ते पाहायला लाल रंगाची चाचणी केली. लाल द्रव फवारून थोडा वेळ ठेवायचा, पुसायचा, वरून पांढरी पावडर फवारायची. चिरेत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. बिडाच्या हेडला चुंबक आणि लोखंडाची पूड लावूनही चीर शोधता येते. अल्युमिनियमला चुंबक लागत नाही, म्हणून त्याला ही लाल-पांढरीच उपयोगाची. आमची चीर एक्झॉस्ट सीटच्या काठापासून निघून इंजेक्टरच्या भोकाकडे वळली होती.

मधल्या जागेतच चीर का, हे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. दोन व्हॉल्व्हच्या मधली धातूची भिंत अरुंद असते, एका बाजूला एक्झॉस्टची धग आणि वरून पाणी. पाणी गेले की ती भिंत आधी भाजते. दुसरे, अल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट वाढते. अर्धा मीटर लांबीचे हेड ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले तर ते साधारण ०.७ मिलिमीटर लांब होते, खालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्माच. एवढा फरक रोज पोटात घेण्याची सोय इंजिन बनवणाऱ्याने ठेवलेली असते. पण तापमान हाताबाहेर गेले की हेडला लांब व्हायचे असते आणि बोल्ट त्याला जागेवरून हलू देत नाहीत. मग ते मध्ये कमानीसारखे उचलले जाते, आणि गार झाल्यावरही पूर्ण सरळ होत नाही.

ती कमान मोजायला पेटीतली स्ट्रेट एज निघाली. तळ पुसून, हाताने चाचपून, पट्टी लांबीला दोन्ही कडांवर, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची आणि खालून फीलर गेजची पाती सरकवायची. कोणते पाते शिरते ते हेडचे बाकदारपण. बहुतेक अल्युमिनियमच्या हेडना लांबीत ०.१ मिलिमीटर, म्हणजे दुकानाच्या भाषेत चार थाउ, याच्या आसपास मर्यादा असते. रुंदीत त्याहून कमी. तुमच्या इंजिनाची नेमकी मर्यादा त्याच्या मॅन्युअलमध्ये असते, आणि ती मिस्त्रीच्या आठवणीपेक्षा वरचढ मानावी. काही डिझेल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये हेडचे फेसिंग करूच नये असे स्पष्ट लिहिलेले असते. अशा हेडवर "हलकासा हात" मारणे म्हणजे नुकसानच.

आमचे हेड खालून सपाट होते, ते साहजिकच. नुकतेच घासलेले होते. पण चाचांनी कॅमशाफ्ट त्याच्या जागी ठेवला, कॅप लावल्या आणि बोटांनी फिरवायला सांगितला. तो अडकत होता. हेड वाकते तेव्हा नुसता तळ वाकत नाही, वरची कॅमची ओळही वाकते. तळ घासून सपाट केला की वरची ओळ वाकडी ती वाकडीच राहते. मग कॅम जड फिरतो, बेअरिंगच्या जागा खातो, कधी तुटतोही. ज्या इंजिनात कॅम हेडमध्ये असतो त्या प्रत्येकाने मशीन शॉपला हा प्रश्न विचारावा, "कॅम हाताने फिरतो का?" अशा हेडला आधी सरळ करावे लागते. जाड पोलादी प्लेटवर हेड उलट्या बाकाने बोल्टने आवळायचे, भट्टीत सावकाश तापवायचे आणि तितक्याच सावकाश गार होऊ द्यायचे. याला वेळ लागतो आणि अनुभव लागतो. सगळी दुकाने ते करत नाहीत. करत नसतील तर त्यांनी तसे सांगावे, त्यात कमीपणा काही नाही.

फार भाजलेल्या अल्युमिनियमची आणखी एक तपासणी असते, कडकपणाची. हेडची धातू कारखान्यात उष्णता देऊन कडक केलेली असते. ती ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की कायमची मऊ पडते. मऊ हेड घासून कितीही सपाट करा, बोल्टच्या ताणाखाली ते पुन्हा बसते आणि गॅस्केट पुन्हा जाते. कडकपणा मोजायचे उपकरण चाचांकडे नव्हते. त्यांनी मला चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये पाठवले. माप ठीक आले म्हणून पुढचे काम हाती घेतले. या बाबतीत आपले शहर भाग्यवान आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागे-पुढे ओतकाम, मशीनिंग आणि सुट्या भागांचे अनेक कारखाने आले, इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था इथे आहे. मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसे या शहराच्या गल्लीगल्लीत राहतात. इतकी मापे जवळ असताना हेडचे काम अंदाजाने व्हावे, याचे मला खरेच वाईट वाटते.

वेल्डिंग करायचे की हेड टाकून द्यायचे, हा निर्णय चीर कुठे आहे यावर ठरतो. सीटांच्या मधली केसासारखी बारीक, उथळ चीर काही कंपन्या तशीच चालवून घेतात, ठरावीक रुंदीपर्यंत. पाण्यापर्यंत पोचलेली चीर मात्र चालत नाही. कॅमच्या जागेत किंवा ऑइलच्या वाटेत गेली असेल तर बहुतेक वेळा हेड बदललेले बरे. आमच्यासाठी दोन्ही सीट काढून, चीर तिच्या मुळापर्यंत खोदून, हेड भट्टीत तापवून टिग वेल्डिंग केले. गार हेडवर वेल्डिंग केले तर जोडाच्या शेजारी नवी चीर पडते. चिरेत मुरलेले ऑइल पूर्ण निघाले नाही तर वेल्डमध्ये भोके राहतात. म्हणून खोदणे आणि धुणे यातच अर्धा दिवस गेला. बिडाची तऱ्हा वेगळी. खेड्यापाड्यांत काळी-पिवळी म्हणून धावलेल्या ट्रॅक्स गाड्यांत मर्सिडीजच्या परवान्याचे ओएम ६१६ इंजिन असे, त्याचे हेड बिडाचे. ते जड, पण बाक कमी धरते. मात्र चीर पडली तर वेल्डिंगला फार नखरेल. तिथे जुने कारागीर चिरेवर एकात एक अडकणाऱ्या आट्यांच्या पिना पिळून बसवून ती शिवून काढतात, धातू न तापवता. ही कला येणारी माणसे कमी होत चालली आहेत. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्याचा पत्ता जपून ठेवा.

जुन्या बाजारातून दुसरे हेड आणावे का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. आणावे, पण त्याचीही गरम पाण्यातली चाचणी झाल्यावरच पैसे द्यावेत. भंगारात आलेले हेड बहुधा तापलेल्या गाडीचेच असते.

वेल्डिंगनंतर नव्या सीट बसवल्या. हेड गरम आणि सीट बर्फात गार, म्हणजे ती सैल जाऊन बसते आणि दोन्ही एका तापमानाला आले की घट्ट पकडते. मग गाईड. व्हॉल्व्ह गाईडमध्ये हलतो का ते सीट कापण्याच्या आधी पाहायचे, कारण सीट कापायचे हत्यार गाईडच्याच आधाराने फिरते. गाईड झिजलेली असेल तर सीट तिरकी कापली जाते. चाचांनी सीट तीन कोनांत कापली, मधला कोन व्हॉल्व्हच्या टेकण्याचा. व्हॉल्व्हच्या तोंडाला निळी शाई लावून, तो सीटवर टेकवून, किंचित फिरवून उचलला. सीटवर निळ्याची अखंड बारीक कडी उमटली पाहिजे, कुठे तुटलेली नको, कुठे जाड-बारीक नको. दुसऱ्या सिलिंडरला ती एका बाजूला तुटली. चाचांनी काही न बोलता हत्यार पुन्हा लावले. शेवटी व्हॉल्व्ह-स्प्रिंग चढवून पोर्टमध्ये रॉकेल भरून ठेवले. रॉकेल झिरपत नाही हे पाहूनच हेड पुढे गेले. वाळूची पेस्ट लावून व्हॉल्व्ह हातावर घासत बसणे हा या सगळ्याला पर्याय नाही.

आता फेसिंग. तेही कमीत कमी. आणि इथे डिझेलवाल्यांनी कान उघडे ठेवावेत. सपाट तळाच्या डिझेल हेडमध्ये व्हॉल्व्ह तळापासून थोडे आत बुडालेले असतात. तळ घासला की ती खोली कमी होते आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. फार घासले तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. इंजेक्टरचे टोकही तेवढेच जास्त बाहेर येते. म्हणून फेसिंगनंतर सीट आणखी खोल कापून ती खोली परत मिळवावी लागते, इंजेक्टरखालचा वॉशर पाहावा लागतो. हेडची एकूण जाडी मॅन्युअलमधल्या किमान मापाखाली गेली असेल तर ते हेड संपले. चाचांनी चारही कोपऱ्यांची जाडी मोजून मार्करने हेडच्या वरच्या बाजूला लिहिली, काम करण्याआधीची आणि नंतरची. तुमचे दुकान लिहीत नसेल तर तुम्ही लिहून मागा. बिलावर तीन गोष्टी असाव्यात: आधीची जाडी, नंतरची जाडी, आणि चाचणी किती दाबाला, गरम पाण्यात की गार. वेल्डिंगनंतर हेड पुन्हा टाकीत बुडवायला लावा. आमचे दोनदा बुडवले, दुसऱ्यांदा पाणी गार होईपर्यंत हलवले नाही.

हेड चांगले झाले तरी ज्या कारणाने ते गेले ते कारण तसेच राहिले तर हे सगळे पाण्यात. होज फाटला हे वरवरचे कारण. आमचा रेडिएटर उघडल्यावर निम्म्या नळ्या पांढऱ्या थराने बुजलेल्या निघाल्या. आधीच्या मालकाने बोअरचे पाणी टाकले होते हे त्या थरावरून कळत होते. आपल्याकडे हा रोग घरोघरी आहे. नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येते, बाकी दिवस बोअर आणि टँकर. मराठवाड्यातल्या काळ्या खडकातले ते पाणी जड. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर चढतो, तोच रेडिएटरमध्ये आणि हेडच्या आतल्या वाटांत चढतो. थर उष्णता अडवतो, सीटांच्या मधली ती अरुंद भिंत आधी तापते. रेडिएटरमध्ये कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी, एवढेच घालावे. नुसते पाणी आपल्या शहराच्या उंचीवर ९८ अंशांना उकळते. निम्मे कूलंट मिसळले आणि कॅपची स्प्रिंग दाब धरत असेल तर तेच मिश्रण १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही. म्हणजे ढिली झालेली रेडिएटर कॅपसुद्धा घाटात गाडी थांबवू शकते. ती स्वस्त वस्तू आहे, हेडच्या कामात नवीच घ्यावी.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर ती वाट कायम उघडी राहते आणि बरेच पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरते. ट्रॅफिकमध्ये थंड आणि घाटात तापणारी गाडी अशी तयार होते. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या भांड्यात सोडून उघडतो का पाहावे, उघडत नसेल तर नवा घालावा. वॉटर पंपाची पाती आणि फॅन-बेल्ट त्याच वेळी पाहून घ्यावेत.

बसवताना सगळे लक्ष हेडवर असते आणि ब्लॉक विसरला जातो. स्ट्रेट एज ब्लॉकवरही ठेवायची. ब्लॉक साफ करायला ड्रिलवर घासणारी डिस्क लावू देऊ नका. तिचा कडक भुगा ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगे खातो. प्लास्टिकचा खरडा आणि कापड पुरते. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल साचले असेल तर हवेने उडवून काढायचे, नाहीतर बोल्ट आवळताना तो दाब ब्लॉक फोडतो. डिझेल गॅस्केट जाडीच्या प्रकारांत येतात आणि काठावरच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायलने मोजून त्या खाचांची गॅस्केट घ्यायची, दुकानदाराने हातात दिली ती नव्हे. पत्र्याच्या थरांच्या गॅस्केटला शेलॅक किंवा कसलीही चिकट पेस्ट लावायची नाही. बोल्ट मधून बाहेर, फिरत्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. ज्या इंजिनात शेवटचा टप्पा अंशांत दिलेला असतो त्यांचे बोल्ट ताणले जातात. ते पुन्हा वापरायचे नसतात, नवे घ्यावे लागतात. उतरवताना उलटे, बाहेरून मध्ये, आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.

पाणी भरताना हवा अडकते. हेडच्या सगळ्यात उंच जागी हवा राहिली तर नवे हेड पहिल्याच दिवशी भाजू शकते. म्हणून हीटर पूर्ण उघडा ठेवून, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, सावकाश भरावे. इंजिन गरम करून फॅन सुरू होईपर्यंत पाहावे, गार झाल्यावर पातळी पुन्हा भरावी. ऑइलमध्ये पाणी गेले असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलावेत, आणि थोडे चालवून आणखी एकदा बदलावेत, कारण पहिल्या बदलात कोपऱ्यांतला दुधाळपणा पूर्ण निघत नाही. पहिले काही दिवस रोज सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, पाण्याची पातळी पाहून वहीत लिहावी. भरलेली गाडी घाटात पाठवण्याआधी ती वही एकदा वाचावी.